धुक्यातल्या बोटीतली म्हातारी

नेल्डा प्रुइटला माणसांचा तिटकारा होता, आणि तो तिला फुकट मिळालेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ‘लँटर्न बे’ या करमणुकीच्या बागेत ती सव्वीस वर्षं झाडू मारत होती. सुट्टीवर आलेला माणूस काय चीज असते, हे झाडूवालीइतकं कुणालाच कळत नाही. घरी जो चमचासुद्धा पुसून जागेवर ठेवतो, तोच इथे अर्धा खाल्लेला हॉट डॉग गुलाबाच्या झाडात खोचून ठेवतो. बाकाखाली च्युइंगगम, कारंज्यात लहान पोराचा भरलेला लंगोट, पाळण्यातून उतरलेल्या मुलाने चालता चालता केलेली ओकारी, आणि हसत हसत त्या ओकारीचा फोटो काढणारा त्याचा बाप. शी! नेल्डा हे सगळं लांब दांड्याच्या केरभरणीत गोळा करायची आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करायची. चेहऱ्यावर मात्र हसू. हसण्याची सक्ती होती.

पण या सगळ्याहून तिला शिसारी होती ती राखेची. आजीला ही बाग फार आवडायची म्हणून लोक मेलेल्या आजीची राख पिशवीतून आत आणायचे, अंधारात बोटीतून जाताना गुपचूप सांडायचे, डोळे पुसत बाहेर पडायचे आणि आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहायचे. मग वॉकीटॉकीवर निरोप यायचा, “पीठ सांडलंय.” पाहुण्यांना कळू नये म्हणून झाडूवाल्यांनी ठेवलेला तो शब्द होता. नेल्डा तोंडाला फडकं बांधून जायची, कुणाची तरी आजी व्हॅक्यूममध्ये ओढून घ्यायची आणि ती पिशवी वेगळी बांधून टाकायची. पॉपकॉर्नमध्ये मिसळू द्यायची नाही, एवढीच काय ती तिची मुरवत.

तिचा नवरा रॉइस त्याच बागेत धुक्यातल्या बोटीच्या धक्क्यावर कामाला होता. तेहतीस वर्षं लोकांचा हात धरून त्यांना बोटीत बसवायचा आणि “पाय जपून” म्हणायचा. अंधाऱ्या खाडीतून बोट फिरते, धुकं येतं, बुडालेली गलबतं दिसतात आणि शेवटी एका पायरीवर कंदील धरून बसलेली म्हातारी दिसते. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी, लाकडाची, यंत्रावर मान हलवणारी. रोज सकाळी बाग उघडण्याआधी रिकामी बोट फिरवून बघताना रॉइस तिला टोपी काढून सलाम करायचा. “काय म्हातारे, आला का तुझा?”

माणूस लोण्यासारखा, पण एका बाबतीत डोकं फिरलेलं. याच कंपनीची दुसरी लँटर्न बे फ्लोरिडात आहे. जाहिरातीत दोघींना दोन किनाऱ्यांवरच्या बहिणी म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीने रॉइसला एकदा तिकडे महिनाभर पाठवलं होतं. परत आला तो उरलेलं आयुष्य दोघींची तुलना करत बसला. जेवताना, गाडी चालवताना, दाढी करताना.

“धाकटीला सगळं मोठं दिलंय गं,” तो म्हणायचा. “तळं मोठं, किल्ला मोठा, गाड्या लावायला आपलं अख्खं गाव मावेल एवढी जागा. आणि बोट? बोटीचं काय केलंय माहितेय?”

इथे नेल्डा ऐकणं बंद करायची. नवऱ्याचं कुठलं भाषण कानाआड करायचं, हे बायकोचं संसारात केव्हाच ठरून गेलेलं असतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रॉइस गेला. त्याच्या आधी आठ दिवस, उशीला टेकून बसलेला असताना त्याने विषय काढला.

“मला त्या म्हातारीपाशी टाक.”

“काय म्हणालास?”

“राख गं. पायरीपाशी टाक. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल! सव्वीस वर्षं लोकांच्या आज्या झाडतेय मी, आणि आता घरातलाच उठला. माझ्या बागेत राख सांडायची नाही, रॉइस. तुझीसुद्धा नाही.”

“मी आजारी माणूस आहे, बये.”

“आजारी आहेस, म्हणून डोकं गहाण टाकू नकोस.”

रॉइस हसला, मग बराच वेळ खोकला. “बरं, मग पूर्वेला टाक. तिकडच्या बोटीत. तिकडे झाडायला तू नाहीस.”

“पूर्वेला टाकेन,” नेल्डा म्हणाली. वचन दिलं आणि वाद मिटला. रॉइस गेल्यावर ती राख त्याच्याच आवडीच्या बटर पेकन आइस्क्रीमच्या मोठ्या रिकाम्या डब्यात गेली, आणि डबा फ्रिजवर. येता-जाता तो डबा दिसे आणि तिला स्वतःचीच चीड येई. वचन दिलं होतं आणि फ्लोरिडाचं विमान काही घराच्या मागून सुटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिचा साहेब कोल्टन, वय अठ्ठावीस, दात वयापेक्षा पांढरे, हातात कागद घेऊन आला.

“नेल्डा, तुला तीन दिवस ईस्टला पाठवतोय. त्यांची सफाई बघायची आणि हा तक्ता भरायचा. डावीकडे आपण, उजवीकडे ते. पाचपैकी गुण.”

“मी शाळेत कुणाला गुण दिले नाहीत.”

“अगं, मजा येईल!”

“मजेनंतरचं काय ते मीच झाडते, कोल्टन,” ती म्हणाली. पण गेली, आणि फ्रिजवरचा डबाही सोबत नेला. प्लास्टिकचा असल्याने तो विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून निघाला. तपासनिसाने नाव वाचलं, दहनाचा दाखला वाचला, झाकणावरचं बटर पेकन वाचलं आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला.

पूर्वेची बाग तिने नाक मुरडूनच बघितली. हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली. दारात शिरताच संत्र्याचा वास. इकडे तिकडे बघितलं तर झाड एक नाही, वास भिंतीतल्या भोकांतून सोडलेला. पश्चिमेची बाग झाली तिथे पूर्वी संत्र्यांचा खरा मळा होता आणि नेल्डाचा बाप तिथे संत्री तोडायला जायचा. त्याच्या हातांना येणारा तो वास इथे बिल भरून भिंतीतून येत होता. कंपनीचं लाडकं पाणमांजर, कॅप्टन पिप, घरच्या बागेत माणसाएवढं होतं. इथे तीन मजली, आणि पोटात टी-शर्टचं दुकान. लोक हातातल्या मांडीएवढ्या टर्कीच्या तंगड्या फाडत त्या पोटात शिरत होते. नेल्डाने तोंड फिरवलं.

मार्लीन देरोझिए नावाची बाई तिला काम दाखवायला दिली होती. मूळची हैतीची, वीस वर्षं पूर्वेला झाडणारी, तोंडाने नेल्डाच्याच जातीची.

“आमच्याकडे कचरा दिसतच नाही,” मार्लीन म्हणाली. “भिंतीतल्या झडपेत टाकला की सूंऽऽ करून नळीतून जातो.”

“कुठे जातो?”

“मला काय ठाऊक? जातो.”

“आणि कुणी राख सांडली तर?”

मार्लीनने तिच्याकडे नीट बघितलं. “तीही सूंऽऽ. लंगोट, तंगडीची हाडं, माणसं, सगळं एकाच नळीत. सुरुवातीला मी प्रार्थना म्हणायचे. आता मॅनेजर घड्याळ लावून मिनिटं मोजतो.”

नेल्डाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण वचन ते वचन. तिने मनाशी नीट आखणी केली. म्हातारीच्या पायरीमागे एक सांदट आहे, तिथे व्हॅक्यूमचं तोंड पोचत नाही. हे फक्त तिला माहीत, कारण घरच्या बोटीतली ती सांद दर महिन्याला ती ब्रशने घासत होती. बहिणी आहेत तर सांदही तशीच असणार. अकराव्या मिनिटाला धुकं विरतं, म्हातारी येते. हात लांब करायचा, डबा सांदीत ओतायचा, संपलं. नळीला रॉइस सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच शेवटच्या बाकावर बसली. डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. बोट सुटली. गलबतं आली, घंटा वाजली, सगळं ओळखीचं. धुकं आलं तशी तिने झाकणाची कड सैल केली. रॉइसला सांगायचं म्हणून तिने एक वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. बोटीने वळण घेतलं, पडदा बाजूला झाला, आणि ती भर उन्हात धक्क्याला लागली.

“उजवीकडून उतरा, पाय जपून!” धक्क्यावरची मुलगी ओरडली.

नेल्डा बसून राहिली. “म्हातारी कुठे आहे?”

“कोण म्हातारी?”

“कंदीलवाली! पायरीवरची!”

“मॅडम, बोट संपली. मागे लोक थांबलेत.”

ती उतरली. मागच्या माणसाने तिच्या पायावर सरबत सांडलं आणि माफीही मागितली नाही. मार्लीन बाहेर बाकापाशी झाडत होती. नेल्डा धपकन त्या बाकावर बसली.

“मार्लीन, तुमची म्हातारी काढून टाकली का?”

“आमच्याकडे म्हातारी कधी नव्हतीच. ती तुमच्याकडे. इथे तिच्या जागी दुकान बांधलं, म्हणून बोट नऊ मिनिटांची. तुमची पंधराची ना? जुने लोक अजून त्यावरून भांडतात.”

नऊ मिनिटं. नेल्डाच्या कानात रॉइसचं भाषण, तिने हजारदा सोडून दिलेलं, आता शेवटपर्यंत वाजलं. ‘बोटीचं काय केलंय माहितेय? नऊ मिनिटांत गुंडाळलीय. म्हातारीच नाही, नेल्डा! वाट बघणारं कुणी ठेवलंच नाही!’

म्हणजे त्याला माहीत होतं. पूर्वेला म्हातारी नाही, पायरी नाही, सांद नाही, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ज्या बागेला जन्मभर नावं ठेवली तीच त्याने मागून घेतली, बायकोला ते पीठ झाडावं लागू नये म्हणून. आणि बायकोने हो म्हटलं, वर त्याला ओरडली.

“शी,” नेल्डा म्हणाली. या खेपेला ती कुणा पाहुण्याला म्हणाली नव्हती.

“काय झालं?” मार्लीनने विचारलं.

“काही नाही. माणसं घाण असतात.”

“हे बघायला एवढ्या लांब आलीस होय?” मार्लीन म्हणाली, आणि खिशातला रुमाल काढून तिने नेल्डाचा बूट पुसला.

ती परतल्यावर कोल्टनने तक्ता मागितला. डावीकडच्या आणि उजवीकडच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. ‘पूर्वेकडून आपण काय शिकावं?’ या शेवटच्या ओळीपुढे तिने लिहिलं होतं, ‘नळी बसवलीत तर मी नोकरी सोडेन.’

“यात गुण कुठे आहेत?” तो म्हणाला.

“शोध,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, बाग उघडायला दोन तास असताना, ती धक्क्यावर गेली. रॉइसचा जोडीदार विनफिल्ड बोटी पुसत होता. नेल्डाच्या एका हातात झाडू आणि केरभरणी, दुसऱ्या हातात डबा. विनफिल्डने डबा बघितला आणि टोपी काढली.

“तू? नेल्डा, तू?”

“बोलू नकोस. मला म्हातारीपाशी उतरव आणि रिकामी बोट पूर्ण फिरवून आण. पूर्ण. लवकर आणलीस तर बघ.”

“पंधरा मिनिटं,” विनफिल्ड म्हणाला. “सेकंद कमी नाही.”

पायरीवर उतरून तिने झाकण काढलं आणि डबा ओतला. राख पायरीवर पडली, म्हातारीच्या झग्यावर पडली, थोडी नेल्डाच्या बुटांवरही. तिला किळस आली. सव्वीस वर्षं यायची तेवढीच आली. ती म्हातारीशेजारी बसली. यंत्र चालू होतं. म्हातारी मान हलवून खाडीकडे बघत होती, कंदील हलत होता. “ऐकत नव्हते रे मी,” नेल्डा म्हणाली. तयार ठेवलेलं वाक्य वेगळं होतं, पण ते तिला आठवेना.

लांबून बोटीची घंटा ऐकू आली तेव्हा ती उठली. सांद होती तिथेच होती. एक मूठ आत सरकवली असती तर कुणाला कळलं नसतं. तिने तोंडाला फडकं बांधलं, गुडघे टेकले आणि ब्रशने आधी सांदच कोरून काढली. मग झगा झटकला, पायरी झाडली. केरभरणी अलगद डब्यात उपडी केली. कुणाची तरी हेअरपिन आणि दोन पॉपकॉर्नही आत गेले. तिने ते काढले नाहीत.

वॉकीटॉकी खरखरला. “धुक्याच्या बोटीत कुणी आहे का? कॅमेऱ्यात पायरीवर काहीतरी दिसलं.”

नेल्डाने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बटण दाबलं.

“पीठ सांडलं होतं,” ती म्हणाली. “कुणाला पाठवू नका. माझंच आहे.”