मध्यंतरापर्यंतची सगुणा

सगुणा कळंबटेला कुठल्याही पिक्चरबद्दल विचारा, तिचं मत तयार असतं, आणि ते पुरतं ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काजूचा एक कारखाना आहे. तिथल्या लांब टेबलाशी बसून ती गेली कित्येक वर्षं गर निवडते. आख्खे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. हात त्यांचं काम करतात, तोंड त्याचं.

"हल्लीच्या हिरोची दाढी वाढली की त्याला राग आलाय असं समजायचं. चेहऱ्यावर दाखवायची सोयच नाय." हे एक. "गाणं सुरू होतंय म्हणेपर्यंत संपतं." हे दुसरं. आणि कोकणात काढलेल्या पिक्चरांवर तर तिचा खास राग. "कोकण म्हटलं की यांना दोनच गोष्टी सुचतात, भूत नायतर मासे. आपण काय रोज भुताला मासे वाढतो?" यावर शेजारी बसणारी राजिवड्याची नसीमा सगळ्यात आधी हसायची. नसीमानं जन्मात टॉकीजची पायरी चढलेली नाही, पण सगुणाच्या कृपेनं तिला निदान शंभर पिक्चर तोंडपाठ आहेत.

पिक्चरची नावं सगुणाच्या लक्षात राहत नाहीत. तिच्या हिशेबी एक 'दोन भावांचा', एक 'वकिलीणबाईचा', एक 'आंधळ्या पोरीचा'. आणि सगळ्यांत वरचा 'होडीचा'. त्याला तोड नाही. पंचवीसेक वर्षं झाली, तेवढा चांगला पिक्चर पुन्हा निघाला नाही आणि निघणारही नाही, असा तिचा निकाल होता.

आता इथेच खरी गोम आहे. या बाईनं आयुष्यात एकही पिक्चर मध्यंतराच्या फारसा पुढे बघितलेला नाही.

हसू नका. तिच्या गावाला यष्टीच्या दोनच गाड्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळी पाचची. कारखाना शनिवारी अर्धा दिवस. दुपारी सुटलं की शहरात यायचं, तीनच्या खेळाला बसायचं, मध्यंतर झालं की थोडा वेळ जीव मुठीत धरून पुढचं बघायचं, आणि ऐन रंगात आलं की पिशवी उचलून स्टँडकडे पळत सुटायचं. पाचची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर. शनिवारी अर्धी सुट्टी असते हे तिच्या सासूला मरेपर्यंत कळलं नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. रविवारी म्हणाल तर शेत, गुरं, धुणं आणि सासू. पिक्चर बघायला जाते असं तोंडातून काढायची तरी सोय होती का?

मग शेवट कसे ठाऊक? तर नवऱ्याकडून. काशीराम मुंबईला एका मोठ्या कँटीनच्या भटारखान्यात कामाला. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत वीसपंचवीस जणांत राहायचा, गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आणि रविवारी सकाळी गावातल्या दुकानाच्या फोनवर फोन करायचा. ती त्याला बघितलेला अर्धा पिक्चर सांगायची. तो म्हणायचा, "बघतो मी या आठवड्यात." पुढच्या रविवारी तो उरलेला अर्धा सांगायचा. काय सांगायचा! दुकानदारानं घसा खाकरला तरी हिचा कान फोनवरून सुटायचा नाही. पुढे मोबाईल आले, टॉकीज जाऊन चकचकीत थिएटर झालं, तरी अर्धा-अर्धा हा कारभार तसाच चालू राहिला. टीव्हीवर ती पिक्चर बघत नसे. टीव्हीवर पिक्चर बघणं म्हणजे फोटोतला आंबा चोखणं, असं तिचं म्हणणं. आणि कुणी चुकून वेगळा शेवट सांगितलाच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "तू सीडीवर बघितलास. सीडीवर कापतात."

होडीचा पिक्चर असा. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा एक माणूस. खाडीवर पूल होतो, होडीत कुणी बसेनासं होतं, आणि तो पोट भरायला शहरात जातो. बायको धक्क्यावर उभी राहते, हातात त्याचं वल्हं. तिथे मध्यंतर. सगुणा त्या दिवशी रडत रडत गाडीत चढली होती आणि कंडक्टरनं तिला कोण गेलं म्हणून विचारलं होतं. पुढच्या रविवारी काशीरामनं शेवट सांगितला. तो माणूस वर्षांनी परत येतो, पहाटेच्या धुक्यात, उधार घेतलेल्या होडीतून. बायकोला दिसत काहीच नाही, पण वल्ह्याच्या आवाजावरून ती ओळखते आणि पाण्यात कमरेइतकी शिरते. सगुणानं हे कारखान्यात इतक्यांदा सांगितलं होतं की नव्या लागलेल्या बायकाही पहिल्या आठवड्यात डोळे पुसून मोकळ्या व्हायच्या.

आणि यंदा त्या पिक्चरचा दुसरा भाग येतोय अशी बातमी आली. शुक्रवारी लागणार.

सगुणाच्या अंगात एवढ्यात पहिल्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. गुडघे बोलायला लागलेले, मान एका बाजूला धरलेली. मुलगी लग्न होऊन लांज्याला. काशीराम या शिमग्याला आला तो कायमचाच आला, छाती भरून घेऊन. तेलाच्या धुरात तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसायचा. बोलायचा थोडं, आणि तेही धाप लागेपर्यंत. एवढी वर्षं वाट बघितली तो हाच का, असं कधीकधी तिच्या मनात येई, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटे. पण आता तो घरी होता, रिक्षा मिळत होती, पाचच्या गाडीचा धाक उरला नव्हता. जन्मात एक पिक्चर, तोही होडीचा, नवऱ्याच्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघायचा, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. त्याच्याकडे विषय काढला की तो म्हणायचा, "बघू." तीनदा काढला, तीनदा "बघू."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या दिराची मुलगी वेदिका मोबाईल घेऊन आली. ही पोरगी दोन महिन्यांपूर्वीच कारखान्यात लागलेली. तिनं नव्या भागाचा ट्रेलर लावला. बायका डबे सोडून भोवती जमल्या. एक तरुण मुलगी पुलावर उभी राहून खाडीकडे बघत होती.

"ही त्याची मुलगी," सगुणानं लगेच निकाल दिला. "पण तो म्हातारा कुठं दिसत नाय. मी सांगते, त्याला मागे टाकला असेल ना, तर पिक्चर आपटणार. त्याच्याशिवाय होडीचा पिक्चर कसला?"

"काकी, तो कसा असेल?" वेदिका म्हणाली. "तो पहिल्यातच मेला ना."

"कोण मेला?"

"होडीवाला. भिंत पडून."

"सीडीवर बघितलास तू."

"सीडी कुठली, काकी? हा बघा, पुरा हाय इथं." पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं पिक्चर काढला, बोटानं शेवटाकडे ढकलला आणि मोबाईल सगुणापुढे धरला.

सगुणानं बघितलं. शहरात एक इमारत पाडत होते. भिंत कोसळली. धूळ बसली तेव्हा खाली कुणी हलत नव्हतं. मग गावाकडचा धक्का, आणि त्याचे दोन सोबती त्याची पिशवी घेऊन उभे. बायकोनं पिशवी घेतली आणि घराकडे वळली. संपलं. धुकं नाही, होडी नाही, वल्ह्याचा आवाज नाही.

"अगो बाय! सगुणाबाय, तुमचा तर होडीतनं आला होता!" टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. "मग दोन भावांमधला थोरला? तोपण तिकडेच खपला की काय?" सगळं टेबल खदखदा हसलं. त्यांचा काय दोष? इतकी वर्षं हिनं प्रत्येकीला 'सीडीवर बघितलास' म्हणून गप्प केलं होतं. नसीमा तेवढी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गं?" सगुणानं ऐकलं न ऐकलंसं केलं. दुपारभर तिच्या हातून पाकळ्या आख्ख्यांत जात राहिल्या आणि मुकादमानं दोनदा टोकलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काशीराम पडवीतच होता. तिनं पाय धुतले, चुलीवर भात चढवला आणि उंबऱ्यावर येऊन बसली.

"होडीचा पिक्चर तुम्ही कुठल्या टॉकीजला बघितला होतात?"

"आता कुठं आठवतंय..."

"मेला तो. भिंत पडून मेला. मी बघून आले आज."

काशीरामनं अंगणातल्या फणसाकडे नजर वळवली. मग म्हणाला, "मी नाय बघितला तो."

"आणि दोन भावांचा?"

"नाय."

"वकिलीणबाईचा?"

"एकपण नाय गो." त्यानं दम घेतला. "पहाटे चारला भट्टी पेटायची. खोलीत झोपायच्या पाळ्या. सुट्टी आली की माझी पाठ टेकायची पाळी यायची. कोण जातंय पिक्चरला?"

"मग तसं सांगायचं होतंत."

"काय सांगणार? तू फोनवर बोलायला लागलीस की असं वाटायचं, माझ्या बाजूलाच बसलीयस. नाय बघितला म्हटलं असतं, तर 'बरी हायस ना, ठेवतो', एवढंच उरलं असतं बोलायला. मग भाकऱ्या थापता थापता आठवडाभर डोक्यात जुळवायचो मी शेवट."

सगुणाला त्या क्षणी त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला. "जुळवायचात ते जुळवायचात. पण दर वेळी माणूस घरीच? थोरला भाऊ घरी, वकिलीणबाईचा बाप घरी, हा घरी."

"दुसरा शेवट मला सुचायचाच नाय," काशीराम म्हणाला. मग तिला बरं वाटावं म्हणून, "शुक्रवारी जाऊ या आपण. शेवटपर्यंत बसू."

"आता काय करायचाय मला शेवट?" ती एवढ्या जोरात म्हणाली की अंगणातली कोंबडी उडाली. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत? मी बिनघोर राहिले इथं. प्रत्येक पिक्चरात माणूस येतोय घरी, आपलापण येईल, घाई कशाला करा, असं म्हणत दिवस काढले मी. एकदा, एकदा जरी बोलला असतात ना, की तिकडे मेला तो, तर दुसऱ्या दिवशीची गाडी धरून आले असते आणि दंडाला धरून घेऊन आले असते तुम्हाला. ही छाती तरी धड राहिली असती."

काशीरामला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली, पाठीवरून हात फिरवायलाही उठली नाही.

"मी वाट बघत होतो," तो शेवटी म्हणाला. "शेवट सांगून झाला की मी फोन धरून थांबायचो जरा. म्हटलं, आता म्हणेल, तुम्हीपण या. तू म्हणायचीस, किती छान, पुढच्या शनिवारी नवीन लागतोय."

आत भात करपल्याचा वास यायला लागला होता, पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही.