गेटापासून दुसरं झाड

ऐंशीच्या दशकात सिल्वासाजवळ सायलीत कारखाने उभे राहू लागले, तेव्हा धुळ्याकडून मी सुताची बाचकी उचलायला आलो होतो. बाचक्यांवरून झाडावर कधी चढलो, ते मलाच नीट आठवत नाही. पण चार वर्षांत सिल्वासात माझं नाव झालं. घर आणि विजेच्या तारा यांच्यामध्ये ख्रिसमसचं उंच झाड अडकलं असलं, की लोक मला बोलावत.

ही झाडं पोर्तुगीजांच्या वेळची, चार मजली, सरळसोट. फांद्या खोडाभोवती चक्रासारख्या फुटलेल्या, त्यामुळे चढताना जिना चढल्यासारखं वाटतं. शेंड्याशी गेलं की तो पायाखाली डुलतो, आणि उतरायला जिना उरत नाही, कारण तो आपणच कापत खाली यायचा असतो. एकेक तुकडा दोराने सोडायचा. एक झाड म्हणजे तीन दिवस.

पण माझी ख्याती कापण्यापेक्षा ठोकण्याची जास्त. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर दोन ठोके मारायचे, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. डोळे मिटायची गरज नव्हती, पण त्यानं गिऱ्हाईक गप्प बसतं.

असाच एकदा सरकारी क्वार्टरच्या मागे निकाल दिला. तिथं रत्नागिरीकडचे एक मास्तर राहत. घरात बायको आणि दोन मुली. घराच्या दोन कोपऱ्यांना दोन झाडं. स्वयंपाकघराकडच्या झाडाच्या बुंध्याला वाळवी दिसत होती. मी डोळे मिटले.

"सर, हे आतून पोकळ आहे. पडलं तर थेट स्टोव्हवर."

"मी कधीची सांगतेय यांना," बाई म्हणाल्या.

मी त्या झाडाला गेरूचा पट्टा ओढला आणि सरांनी अर्ज केला. एक झाड पाडायची परवानगी यायला आठ महिने लागले. दरम्यान सव्वीस जानेवारी आली, आणि आवारातल्या झाडून सगळ्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले गेले.

घरात कुणी थांबू नका, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. जोडीदार नंदुरबारचा. तो म्हणाला, "भो, दोन्ही झाडांना पट्टे आहेत. शाळेत जाऊन सरांना विचारून येऊ का?"

"मला विचार ना. गेटापासून दुसरं."

मी मोजलं होतं ते पुढच्या गेटापासून, आणि त्या दिवशी ट्रकमुळे आम्ही मागच्या गेटानं आत आलो होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. स्वयंपाकघर कुठल्या कोपऱ्याला, हे आठ महिन्यांत मी विसरलो होतो, आणि बुंध्याची वाळवी चुन्याखाली झाकली गेली होती. मधले दोन दिवस ते लोक ओळखीच्यांकडे राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग उभ्या झाडाकडे. जोडीदार दोर गुंडाळत होता. तो गुंडाळून झाला तरी गुंडाळतच राहिला.

ऑफिसात कागद पूर्ण झाला होता. एक झाड मागितलं, एक गेलं. दुसरं मागायचं तर पहिलं का पाडलं हे लिहावं लागणार, आणि माझा परवाना जाणार. सरांनी ते लिहिलं नाही. "तुम्हालाही मुलं आहेत," एवढंच म्हणाले.

पावसाळा तोंडावर आला. चौघं पुढच्या खोलीत झोपू लागली, बाई व्हरांड्यात स्वयंपाक करू लागल्या. एका रविवारी मी गेलो.

"सर, मी गुपचूप पाडतो."

"सरकारी झाड गुपचूप पडत नाही हो. माझी नोकरी जाईल."

शेवटी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली, आतल्या सुरंगी गावाला. मोठी मुलगी दहावीत होती, तिला रत्नागिरीला काकांकडे ठेवलं. सर झाडाला भिऊन पळाले, असं शाळेत लोक हसत. कारण झाड उभंच होतं. त्या पावसाळ्यात, पुढच्या, त्याच्याही पुढच्या. त्या रस्त्यानं जायचं मी सोडून दिलं होतं.

नव्वदनंतर तिथं नवी इमारत व्हायची ठरली आणि ते झाड पाडायचं काम माझ्याकडेच आलं. वरून कापत उतरलो. शेवटी बुंध्यात करवत घातली, तर ती दोघांना ओढवेना. ओंडका पडला. वाळवी फक्त सालीत होती. आत सगळं पिवळं, भरीव लाकूड.

जोडीदार त्यावर बसला. "भो, डोळे मिटून तू तेव्हा काय ऐकून राहिला होता?"

मी कुऱ्हाड पोत्यात घातली.

रविवारी सुरंगीला गेलो. सर अंगणात खुर्चीवर बसले होते, केस पार पांढरे झालेले.

"पाडलं म्हणे?"

"हो सर."

"आतून कसं निघालं?"

वाटेत मी खरं बोलायची तयारी केली होती. तेवढ्यात बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोकळ," मी म्हणालो. "अख्खा हात आत जात होता."

"ऐकलंत?" बाई सरांना म्हणाल्या. "पोरीला उगाच लांब नाही ठेवलं आपण." आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

सर म्हणाले, "त्यातला एखादा तुकडा आणायचा होतात. शाळेत दाखवला असता."

"सगळं वखारीत गेलं, सर."

ते खरंच गेलं होतं. असं लाकूड बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही, असं वखारवाला म्हणाला होता. ते मी सांगितलं नाही.