सावधान नसलेली मंगलाष्टकं

माझं पहिलं लेखन छापून आलं नाही, ते माइकवर वाचलं गेलं. तेही थेट ताईच्या लग्नात.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावाकडच्या खेड्यात कवी म्हणजे मंगलाष्टकं लिहिणारा. बाकीचे सगळे रिकामटेकडे. गावच्या शाळेतल्या गुरुजींची मंगलाष्टकं वर्षानुवर्षं तीच, फक्त नवरा-नवरीची आणि आत्या-मामांची नावं बदलायची. मी तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात मुक्तछंद शिकत होते आणि माझं नाक सदा वर असायचं. ताईनं मात्र मोठ्या भरवशानं सांगितलं, "माह्या लग्नात तूच लिही. गुरुजींचं नोको."

मी लिहिलं, जीव ओतून लिहिलं. धानाच्या बांध्या, गावचा तलाव, एकाच गोधडीसाठी आम्हा बहिणींची ओढाताण, सगळं त्यात आणलं. 'शुभमंगल सावधान' तेवढं गाळलं. ते घासून गुळगुळीत झालंय, असं माझं ठाम मत होतं. शिवाय नवरीची बहीण साधीसुधी नाही, हे वरपक्षालाही कळायला हवं होतं.

मांडवात सगळ्यांच्या मुठीत पिवळे तांदूळ. गुरुजींच्या वेळी लोक खुशाल गप्पा मारायचे, कारण 'सावधान' कानावर पडलं की हात आपोआप उघडायचा. माझ्या कवितेत ते येईचना. एका ओळीनंतर मी अर्थपूर्ण थांबले, तर पुढच्या रांगेनं अक्षता टाकून दिल्या. मागच्यांनी तलावाच्या वर्णनावर टाकल्या. एका काकांनी कंटाळून मूठ एकदमच रिकामी केली आणि मग शेजाऱ्यांकडे चिमूटभर तांदूळ मागत बसले. शेवटची ओळ वाचून मी डोळे मिटले. टाळ्या पडतील, अशी माझी समजूत होती.

काहीच झालं नाही. बँडवाला क्लॅरिनेट ओठाला लावून थांबलेला. भटजी माझ्याकडे बघतायत, मी भटजींकडे. अंतरपाट धरलेले मामाजी कुरकुरले, "सरलं का वो? हात भरून आले."

लग्न लागलं की नाही, कोणालाच कळेना. ताईचं लग्न माझ्या कवितेत अडकून पडलं होतं आणि तो एक शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघेना.

तेवढ्यात अंतरपाटाआडून ताईच खणखणीत आवाजात म्हणाली, "सावधान."

मांडवभर हात उघडले, बँड वाजला, अंतरपाट खाली आला. स्वतःचं 'सावधान' स्वतःच म्हणणारी नवरी आमच्याकडे तरी दुसरी झाली नाही. "पोरीले भारीच घाई होती," हा सासूबाईंचा टोमणा ताईनं पुढे कितीतरी दिवस ऐकला. पण एकदाही माझं नाव पुढे केलं नाही.

नंतर मी पुस्तकं लिहिली. प्रत्येक गोष्ट आधी ताईला फोनवर वाचून दाखवते. भाजी चिरता चिरता ती ऐकते आणि मी कुठे उगाच रेंगाळले, की म्हणते, "तांदूर अजून हातातच हाय वो." मी चिडते, वाद घालते, फोन ठेवून देते. मग गुपचूप तो परिच्छेद कापते.

यंदा तिच्या मुलीचं लग्न झालं. मंगलाष्टकं अर्थातच मावशीची. या वेळी प्रत्येक कडव्याच्या शेवटी न चुकता 'सावधान' घातलं. जवळच्या बिरसी विमानतळावरचं शिकाऊ वैमानिकांचं विमान नेमकं मांडवावर घिरट्या घालत होतं. एक अख्खी ओळ त्यात गेली, पण 'सावधान' ऐकू गेलं आणि लोकांचं भागलं. शेवटच्या कडव्यात मी त्या गोधडीतल्या दोघी बहिणींना पुन्हा आणलं. हात उघडले, बँड सुरू झाला, मला हायसं वाटलं.

ताईकडे पाहिलं, तर ती लेकीमागे मूठ मिटून तशीच उभी. डोळे वाहत होते. मी खुणेनं म्हटलं, टाक ना. तिचं लक्षच नव्हतं.

जेवताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. पत्रावळीपुढे तिनं मूठ उघडली, तर तांदूळ तळहाताला चिकटलेले.

"ऐकून राहिली होती ना मी," ती म्हणाली. "टाकाचं भुललीच."