काढलेल्या गड्याचा नंबर

बायको गेल्यावर मुलानं मला इकडं अमेरिकेत आणलं. इथल्या फुटबॉलात चेंडूला पाय कमीच लागतो. माणसं चेंडू बगलेत मारून रेड्यासारखी एकमेकांच्या अंगावर जातात. काल टीव्हीवर संघांत नवी पोरं घेत होते. नाव पुकारायचं, डोक्यावर टोपी घालायची, हातात नंबराचा सदरा द्यायचा.

एका पोराला सदरा दिला तसा मुलगा म्हणाला, "बाबा, हा नंबर आमच्या जुन्या गड्याचा. त्याचा गुडघा गेला, म्हणून काढला."

"कधी?"

"झाला असेल महिना."

थू असल्या संघावर! त्या गड्यानं तुमच्यासाठी हाडं मोडून घेतली, त्याच्या घामाचा वास तरी जाऊ द्यायचा. आणि लोक टाळ्या पिटतात! त्या हसऱ्या पोराला तरी कुणी सांगितलं असेल का, की उद्या त्याचाही गुडघा जाणार आहे?

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. "बाबा, देवळात भेटल्या त्या सुलभाताईपण एकट्याच असतात. रविवारी चहाला बोलावू? तुम्हालाही सोबत होईल."

मुलगा मान वळवून बघेना. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. हिचं अजून वर्षश्राद्ध व्हायचंय.

मी म्हणालो, "बोलव की. बाईला आल्याचा चहा पाज, पोहे घाल. मी तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसेन. बर्फ पडत असला तरी बसेन."