काखेतली गाठ आणि आइस्क्रीमचा पॉट

सगुणाबाई डॉक्टर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी भिंगारच्या बाजारात मेथी निवडत होते. जुडी तिथेच टाकली आणि भाजीवाल्याशी उगाचच भांडले... रडू आलं की भांडायचं, ही सवय बाईंचीच. मी त्यांच्या मिशन दवाखान्यात नर्स. कौतुकाचा शब्द कधी ऐकला नाही, बोलणी मात्र पोटभर खाल्ली.

लढाईच्या दिवसांत बाईंच्या डोक्यात एक खूळ शिरलं. छातीचा कॅन्सर काखेतल्या गाठींत उतरलाय का, हे ऑपरेशन चालू असतानाच कळायला हवं! गाठ तपासायला मुंबईला पाठवली तर उत्तर यायला महिना जाई, म्हणून डॉक्टर काख सरसकट कोरून काढत. मग त्या रोगी बाईचा हात जन्मभर सुजलेला. आपण एक गाठ काढू, मीठ घातलेल्या बर्फात गोठवू, वस्तऱ्याने पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघू, असं बाईंचं म्हणणं. सराव बोकडाच्या गाठींवर. खाटीक मला विचारी, "आज पन गाठीच? मटन परवडत न्हाई व्हय?"

मग कर्जतची तान्हूबाई आली. नवरा वारलेला, पोरं लहान. "छाती न्या बाई, पर हात ऱ्हाऊ द्या. खुरपं धरलं तरच पोरं जेवत्यात."

ऑपरेशनच्या दिवशी लष्कराच्या छावणीतून भुशात गुंडाळलेला बर्फ आला. तान्हूबाई गुंगीत, गाठ काढून डबीत ठेवलेली, आणि बर्फ गायब! मी मिशनच्या बंगल्याकडे धावले, तर खानसामा दावीद पाहुण्या साहेबासाठी बर्फ-मीठ भरलेला आइस्क्रीमचा पॉट फिरवत बसलेला. "सिस्टर, बर्फ आला की आइस्क्रीमच करतात की!" त्याचं तरी काय चुकलं म्हणा, त्या बंगल्यात बर्फ दुसऱ्या कशाला कधी आलाच नव्हता. मी पॉट उचलून पळत सुटले, मागे दावीद, त्याच्यामागे चमचा घेऊन साहेब... बाई दारातच कडाडल्या, "आइस्क्रीम त्यांना दे, बर्फ मला दे!"

पहिला काप फाटला, दुसरा विरघळला. तिसऱ्यावर बाई कितीतरी वेळ वाकून होत्या. मी मनात येशूचा धावा करत होते.

"स्वच्छ आहे. काखेला हात लावायचा नाही."

"नक्की ना, बाई?"

"नसलं तर पाप माझं."

त्या पापाची धास्ती त्यांनी कायम बाळगली. कर्जतकडचा कुणीही आला, साधा खोकला घेऊन का असेना, आधी विचारणार, "तान्हूबाई बरी आहे ना?" मग त्याची जीभ बघणार.

दफनाला तान्हूबाई उशिरा पोचली. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली होती, माणसं माती लोटू लागली होती. तिने पदर खोचला आणि एकाच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

"सरका. ह्यो हात बाईनं ठेवलाय."

कबर भरेपर्यंत तिने फावडं कुणाला दिलं नाही.