मेडशीच्या शिबिरातली इंग्रजी

शिबिराचे किस्से पुन्हा सांगायचे नाहीत, असं मी दर वेळी ठरवतो. पण त्या वेळचा कोणी भेटला, की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो! पन्नासच्या दशकात आम्ही नागपूरला कॉलेजात होतो. मेडशीला श्रमदानातून बंधारा बांधायला निघालो, तेव्हा सोबत मद्रासचा सुब्बू होता, कलकत्त्याचा घोष होता आणि आम्ही वऱ्हाडी. एकमेकांची भाषा कोणालाच येईना. मग ठरलं, शिबिरात सगळ्यांनी इंग्रजीच बोलायची.

*

आमची सगळ्यांची इंग्रजी अर्ज लिहून शिकलेली. एका सकाळी सुब्बूच्या अंथरुणाशी साप निघाला. घोषने पाहिला, सोबत आलेल्या आमच्या सरांपुढं ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट..."

त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत साप कंटाळून निघून गेला!

*

पुढं त्या दोघांचंच कुदळीवरून भांडण जुंपलं. पण शिव्या कुठल्या धड्यात असतात? दोघे नुसतेच लाल होऊन उभे. शेवटी सुब्बू ओरडला, "यू आर अ बॅड सिटिझन!"

घोषला हसू फुटलं आणि भांडण तिथंच मिटलं.

*

आमच्यातला नामदेव मात्र तोंडच उघडेना. कामरगावच्या शेतकऱ्याचा पोरगा, डोक्यानं हुशार, पण कॉलेजातही इंग्रजीच्या धाकानं मुका. बापानं बजावलं होतं, "जमत नसन तं घरी ये अन् वखर धर." शिबिर संपायच्या दिवशी बाप खरंच त्याला कॉलेज सोडवून घरी न्यायला आला. आम्हाला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी वाढायची पाळी नामदेवची होती. आमच्याकडे आग्रह न करता वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमानच. सुब्बूनं ताटावर आडवा हात धरला. नामदेव घुटमळला. मराठीतला आग्रह सुब्बूला काय कळणार? आणि मग तो सुटलाच!

"नो, नो! यू वर्क, यू ईट! वन मोर! फॉर मी! फॉर माय मदर!"

सुब्बू झाला, घोष झाला, आमचे सरसुद्धा सुटले नाहीत. पंगतीच्या टोकाला बसलेला बाप सगळं बघत होता. त्याच्यापुढं आल्यावर मात्र नामदेवचा आवाज खाली गेला.

"बाबा, भाकर वाढू?"

बापानं ताटावर आडवा हात धरला.

"असं नाही. मले बी इंग्रजीत आग्रह कर!"