किल्ल्याबाहेरची शेळी

माझं वय चव्वेचाळीस. महाडच्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर बुटक्यांचे किल्ले बांधतो. यातली शेवटची गोष्ट मी बायकोखेरीज कुणासमोर बोललेलो नाही आणि तिच्यासमोरही एकदाच बोललो.

खेळ साधा आहे. दाढीवाले बुटके डोंगर पोखरून किल्ला करतात. आपण नुसते हुकूम सोडायचे, ऐकायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतात. माझ्या आठवी ब सारखंच. त्यात शत्रूपेक्षा जनावरंच त्यांना जास्त नडतात. माझा एक शिकारी बाण न घेताच सशाच्या मागे लागला, दोन दिवस धावला आणि दमून रानातच झोपला. ससा त्याच्या शेजारी चरत होता.

गेल्या वर्षी आत्या आमच्याकडे आली तेव्हा माझा एक किल्ला चांगला दोन वर्षांचा झाला होता. आत्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत एकटी राहते. शेळ्या हाकताना पाय घसरला, हाड मोडलं, आणि दीड महिना प्लास्टर घेऊन ती आमच्या चवदार तळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. शेळ्या शेजारणीकडे सोपवल्या होत्या. मुंबईचा आतेभाऊ आणि मी फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं की आता हिला वर जाऊ द्यायचं नाही. हे तिला सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होतो. आत्याला मी आजही घाबरतो.

टीव्हीला कंटाळून ती एके दिवशी माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसली. नेमका तेव्हाच माझा कोळी नदीवर गेला आणि माशाने त्याला पाण्यात ओढून नेलं.

"मासा मानसाला खातो?" आत्या पोट धरून हसली. "आनि हा येडा पुन्यांदा कुनाला धाडतोय बघ!"

कारण मी दुसरा कोळी पाठवला होता. तोही गेला.

मग हे रोजचंच झालं. एकदा दोन माकडं आत शिरली तर अख्खा किल्ला कामं टाकून त्यांच्यामागे पळाला, आणि माकडांनी सरदाराच्या ताटातलं जेवण पळवलं. "दाराशी कुत्रा ठेव रे," आत्याने फर्मावलं. मी दोन ठेवले. त्यांनी माकडांना सोडून आमच्याच गवंड्याच्या मागे लागून त्याला झाडावर चढवलं. माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोण मेलं?" आणि आत्या गंभीरपणे सांगायची.

एक गोष्ट मात्र ती कधी विसरायची नाही. माझ्या बुटक्यांनी शेळ्याही पाळल्या होत्या; खेळात दिवस कलला की विचारायची, "शेळ्या आल्या काय आत?" वाडीवर ती रोज गोठ्याच्या दारात उभी राहते, आत जाणाऱ्या प्रत्येक शेळीच्या पाठीवर हात ठेवते, आणि शेवटची आत आल्याशिवाय दाराला आगळ घालत नाही. पाऊस असो, बिबट्याची हूल असो, तिचा हा नियम मोडत नाही.

एका रविवारी दुपारी रानडुकरांचा कळप किल्ल्यावर चालून आला. एकेक डुक्कर रेड्याएवढं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, खटका ओढला की दारापुढचा पूल उचलला जातो आणि दार बंद. मी हात पुढे केला.

"थांब!" आत्याने माझं मनगट धरलं. "एक भायेर हाय."

नदीकाठी खरंच एक शेळी चरत होती. आणि मी, भूगोलाचा पदवीधर मास्तर, थांबलो.

डुकरं आत आली. त्यांनी दारूची पिंपं फोडली, स्वयंपाकघर उलथं केलं. सेनापती तेव्हा अंघोळ करत होता, तो तसाच लढायला आला आणि पडला. दहा मिनिटांत दोन वर्षांच्या किल्ल्याची वाताहत झाली. सगळं शांत झाल्यावर ती शेळी डुलत डुलत पुलावरून आत आली.

"आली बघ!" आत्या म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "एका शेळीपायी सगळा किल्ला गेला, आत्या!"

"किल्ला तू परत बांदशील," ती म्हणाली. मग प्लास्टरवरून हात फिरवत राहिली. "माज्या दारात कोन उभं ऱ्हात असंल रे? शेजारीन बरी हाय, पन तिला घाई असते." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी दोगांनी मला खाली ठेवायचं ठरवलंय. फोनवर बोलताना तुजा आवाज लय मोठा असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी आतेभावाला फोन केला, आणि या वेळी मुद्दाम मोठ्या आवाजात बोललो.

प्लास्टर निघाल्यावर मी तिला मोटारसायकलवरून वर सोडलं. शेळ्यांना चरायला शेजारीण नेणार आणि दारात आत्या उभी राहणार, असं ठरलं. दिवस कलताना सगळ्या शेळ्या आल्या. प्रत्येकीच्या पाठीवर हात पडला, शेवटचं करडूसुद्धा आत गेलं. मी गाडी सुरू केली. मागे बघितलं तर आगळ भिंतीला तशीच टेकलेली आणि आत्या दारात उभी.

"सगळ्या आल्या ना गं?" मी ओरडून विचारलं.

"तू जा सावकाश," ती म्हणाली. "घरी पोचलास की फोन कर. मग घालते."